पाळीवरचा सुरू

चैत संपत आला की आमच्या गावचा तलाव मागे सरकायला लागतो. आज जिथं पाणी असतं तिथं चार दिवसांनी ओला चिखल असतो, आणखी चार दिवसांनी त्या चिखलाला भेगा पडतात आणि त्यांत बगळे चोच घालून फिरतात. वाळत्या शेवाळाचा वास येतो. गावाच्या अंगानं मोहफुलांचा वास येतो. हे दोन वास एकमेकांत मिसळले की मला कळतं, मासोळीचे दिवस आले. तलाव भरलेला असतो तेव्हा मासोळी कुठंही लपते. उन्हाळ्यात तिला जागा उरत नाही, म्हणून आम्हा ढीवरांची खरी सुगी उन्हाळ्यातच.

मी आता पवनीला राहते, शाळेत शिकवते. सकाळची शाळा सुरू झाली की रविवारी स्कूटी काढून गावाला जाते. कोंढ्याच्या रस्त्यावरून आत वळलं की आधी आमच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा लांब बांध, दिसतो आणि पाळीच्या अगदी टोकाला ते सुरूचं झाड. आजूबाजूला सगळं पळस, बाभूळ, मोह, ऐन. उन्हाळ्यात त्यांतली बरीच झाडं उघडी पडलेली. हे एकटंच हिरवं असतं, आणि सगळंच्या सगळं गावाकडे झुकलेलं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी हाक मारली म्हणून ते गावाकडे निघालंय.

नवीन माणूस हमखास विचारतो, "हे झाड कोणी लावलं इथं?" शाळेतली मुलं त्याला ख्रिसमसचं झाड म्हणतात. एकदा सहल म्हणून मी वर्ग घेऊन गेले होते, तेव्हा त्यांना सांगितलं, की हे दिसतं सूचीपर्णी झाडासारखं, पण त्या कुळातलं नाही. ज्या सुया दिसतात त्या बारीक हिरव्या काड्या आहेत, खरी पानं त्या काडीच्या पेराशी असतात, इतकी बारकी की नीट पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. मुलांनी तेवढंच लक्षात ठेवलं की काडी पेराशी ओढली की तुटते आणि पुन्हा बसवली की जोडल्यासारखी दिसते. मग दुपारभर तोच खेळ चालला. कुठं तुटलीय ते ओळखून दाखवायचं.

हे समुद्राकाठचं झाड आहे. वाळू, खारा वारा, पायाशी लाटा, अशा ठिकाणी ते वाढतं. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र बघायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. माझ्या बाबांनी तो ओलांडला होता, आणि बरीच वर्षं ते परत आले नव्हते. ज्या उन्हाळ्यात ते आले त्या उन्हाळ्यात हे झाड आलं.

मी सहावीत होते तेव्हा एक मुकादम गावातल्या पाच-सात जणांना कोकणात बोटीवर कामाला घेऊन गेला. बाबा, सुखदेव त्यांचं नाव, त्यांतले एक. पावसाळ्यात बोटी बंद होतात, तेव्हा बाकीचे परत आले. बाबा नाही आले. "पुढच्या साली येतो म्हणला," एवढा निरोप आला. पुढच्या साली दुसऱ्या कोणाच्या तोंडी तसाच निरोप आला. मग निरोपही यायचा थांबला. तेव्हा मोबाइल घरोघरी नव्हते. बाबा आहेत, धडधाकट आहेत, बोटीवर आहेत, एवढं मात्र अधूनमधून कळायचं. हरवलेल्या माणसासाठी निदान रडता तरी येतं. आमच्या मायला तेही करता आलं नाही.

माय, म्हणजे वच्छला, आधी मासोळी विकायची. बाबा गेल्यावर ती पाण्यात उतरली. बायका फेकजाळं टाकत नाहीत आमच्याकडे, पण तिनं ते शिकून घेतलं. ओढजाळ्याला दोन टोकांना दोन माणसं लागतात. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, तिची सुनी. कंबरभर पाण्यातून जाळं गोल फिरवत आणायचं आणि दोन्ही टोकं काठाशी जुळवायची. शाळा, मग पवनीचं कॉलेज, आणि पहाटे जाळ्याचं टोक, असं माझं चाललं होतं. गावातल्या बायका तलावाच्या घाटावर हळू आवाजात म्हणायच्या, तिकडं दुसरी ठेवली असन. माय ऐकायची आणि लुगडं पिळून घरी यायची.

तो उन्हाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. आम्ही दोघी पाण्यात होतो. ऊन नुकतं वर येत होतं. पाळीवर एक माणूस येऊन उभा राहिला. काळा पडलेला, दाढी पांढरी झालेली, खांद्याला पिशवी आणि हातात तेलाचा पत्र्याचा डबा. डब्यात एक रोपटं होतं, गुडघ्याएवढं, झिपऱ्या पोरीच्या केसांसारखं. मी त्यांना ओळखलं नाही. मायनं ओळखलं. ते मला तिच्या टोकावरून कळलं, कारण जाळं एकदम ताणलं गेलं.

"सुने," ती म्हणाली, "टोक ढिलं सोडू नको."

तेवढंच बोलली. आम्ही जाळं ओढत राहिलो. बाबा खाली आले नाहीत. त्यांनी हाकही मारली नाही. शेजारच्या शेतातून कोणाचं तरी फावडं आणलं आणि पाळीच्या उतारावर खड्डा खणायला लागले. आज मला वाटतं, त्यांना काय बोलावं ते सुचलं नसेल, आणि हाताला काम होतं म्हणून ते उभे राहू शकले. आम्ही जाळं घेऊन काठाशी आलो तेव्हा त्यांचं झाड लावून झालं होतं. ते नेमकं आमच्या वाटेत होतं. बाबा कोकणात गेले तेव्हा जाळं दुसरीकडे निघायचं. तिकडं गाळ साचल्यावर आम्ही जागा बदलली होती. त्यांना कसं माहीत असणार?

माय ओल्या लुगड्यानिशी उभी राहिली. त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "सुने, त्या माणसाले सांग, जाळं काढाची जागा हाय हे."

मी काही सांगायच्या आत बाबा म्हणाले, "काढतो मी. कुठं लावू?"

मायनं बोट केलं. पाळीच्या पार टोकाला, जिथं तलाव सगळ्यांत रुंद आहे आणि पलीकडच्या उघड्या शेतांवरून येणारा वारा अडायला काहीच नाही. तिथं गावानं पिंपळ लावून बघितला होता, कडुनिंब लावून बघितला होता. एक बाभूळ आपोआप उगवली होती, ती एका उन्हाळ्यात मुळासकट आडवी झाली. काठावर मासोळी घ्यायला आलेली माणसं एकमेकांकडे बघून हसली. वच्छलाबाईनं बरोबर जागा दाखवली, असं त्या हसण्यात होतं. मलाही तसंच वाटलं. नुकतं लावलेलं रोप असं भर उन्हाळ्यात उपटून त्या टोकाला नेलं तर ते मरणार, आणि मायला तेच पाहिजे.

बाबांनी मुळांभोवतीची माती हलू न देता रोप काढलं, पोत्यात बांधलं, टोकावर नेलं आणि लावलं.

आमचे नामदेवकाका, बाबांचे चुलत भाऊ, त्यांना घरी न्यायला आले. बाबा म्हणाले, "इथंच बरं हाय." त्यांनी पाळीवर चार बांबू रोवून, पळसाच्या डहाळ्या टाकून मांडव केला आणि तीन दगडांची चूल मांडली. काका आमच्या घरी येऊन मायला म्हणाले, "वहिनी, असं बरं दिसते काय? लोकं बोलून राहिले."

माय आंबट कैऱ्या चिरत होती. "राहू द्या," ती म्हणाली. "तलाव सरकारी हाय."

त्या उन्हाळ्याचे दिवस मला फार सावकाश गेल्यासारखे आठवतात. सकाळी जाळं, मग माय टोपलं घेऊन आसगावच्या बाजाराला, मग दुपारी घरात अंधार करून माझा अभ्यास. बाहेर झळा. वाळायला घातलेल्या झिंग्यांचा वास. कौलांवर वाऱ्यानं सरकणारी पळसाची पानं. पाळीवर बाबा झाडाला पाणी घालताना दिसायचे, तलावातून डबा भरून, पुन्हा पुन्हा. पाणी मागे सरकत होतं तशी त्यांची वाट लांब होत होती. रोपाची खालची काडी काडी पिवळी पडली होती. शेंडा तेवढा हिरवा होता.

एका दुपारी मी गेले. का गेले ते सांगता येणार नाही. भांडायला गेले असेन. ते मांडवात बसून आमचं फाटलं जाळं शिवत होते. मी ते कुंपणावर टाकलेलं होतं. त्यांनी ते विचारून नेलं होतं की न विचारता, कोण जाणे.

"बस," ते म्हणाले.

मी उभीच राहिले. "काहून आले नाही तुमी?"

त्यांनी सुतळी दातानं तोडली. "पहिल्या साली पैसे कमी होते म्हणून नाही आलो. मंग तसंच राहिलो."

"तिकडं कोणी होतं काय?"

"कोणी नव्हतं, सुनी. खोटं नाही बोलत. पाणी होतं." मग जाळ्याची पुढची फाट शोधत म्हणाले, "मले ते पाणी आवडलं. एवढं मोठं. सकाळी निघालं का माणूस कोणाचाच नाही राहत. असं कोणी सांगत नाही कोणाले. तुले सांगून राहिलो."

मला राग यायला पाहिजे होता, तो आलाही. पण त्याच्याबरोबर एक दुसरी गोष्टही आली. त्यांनी सोपं कारण दिलं नव्हतं. आजारी होतो, अडकलो होतो, कोणी सोडत नव्हतं, असं काहीही ते म्हणू शकले असते.

"मंग आता काहून आले?"

"तिकडं सुरूचं बन हाय, किनाऱ्याले लागून. बोट आली का आमी तिथं जेवाले बसो. एक दिवस एका खलाशाची पोरगी पाणी घेऊन आली, बारकी, दोन वेण्या. मले वाटलं, आपली सुनी एवढीच. मंग हातावर वर्षं मोजली, तं तू कालेजात गेली असशील. माझ्या डोक्यात तू वाढलीच नव्हती." त्यांनी जाळ्यातली गाठ बोटानं चाचपली. "तेव्हा भेव वाटलं."

मी घरी आले. मायला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, दुसरी बाई नव्हती हे ऐकून तिला बरं वाटेल. ती झिंगे पाखडत होती, पाखडतच राहिली.

"दुसरी असती तं मी तिची झिपरी धरली असती," ती म्हणाली. "पाण्याले कुठं धरू?"

या एका वाक्यात तिची सगळी वर्षं होती. आजही ते मला कधी कधी वर्गात, फळ्याकडे तोंड करून उभी असताना आठवतं, आणि मी थोडा वेळ तशीच उभी राहते.

वैशाखाच्या शेवटी आमच्याकडे वावधान सुटतं. पाऊस थोडा, धूळ फार, आणि वारा असा की टिनाचे पत्रे पतंगासारखे जातात. त्या दिवशी दुपारीच आभाळ तांबडं झालं. आम्ही दोघींनी दार लावून घेतलं. माय दाराला पाठ लावून बसली होती. कुठंतरी फांदी मोडल्याचा आवाज आला. मग पत्रा आपटल्याचा. माय उठली, दाराची फट करून तिनं पाळीकडे बघितलं. धुळीत काही दिसत नव्हतं. ती पुन्हा बसली. थोड्या वेळानं पुन्हा उठली.

"माय, मी जाऊ काय बघाले?" मी विचारलं.

"बस गुपचूप. डोक्यात पत्रा पडन."

वारा थांबला तेव्हा उजेड होता अजून. आम्ही बाहेर आलो. गल्लीत कौलं, काटक्या, कोणाचं तरी धोतर. मंदिराजवळचं बोरीचं झाड मधोमध चिरलं होतं. माय भरभर चालत पाळीवर गेली. मी मागं. मांडव नव्हता. बांबू तलावात तरंगत होते. बाबा टोकाला जमिनीवर बसले होते, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेले, आणि त्यांच्या पुढ्यात रोप आडवं झालेलं. ते मातीला टेकलं होतं, पण मोडलं नव्हतं. आम्ही बघत होतो तोवर वाऱ्याची शेवटची झुळूक गेली आणि ते हळूहळू अर्धं उठलं. पुरतं उभं राहिलं नाही. तेव्हापासून ते तिरकंच आहे.

बाबा म्हणाले, कोणाला उद्देशून ते कळलं नाही, "हे लवते. मोडत नाही. अशीच जागा पाहिजे होती याले."

माय त्यांच्याकडे बघत होती. ते आल्यापासून पहिल्यांदा मी तिला त्यांच्याकडे सरळ बघताना पाहिलं. डोकं, हात, पाय, कुठं लागलंय का ते बघावं तसं. मग ती वळली आणि घरी गेली.

त्या टोकाला वारा आहे हे तिला माहीत होतं. ते झाड वाऱ्याचं आहे हे तिला माहीत होतं का? मी तिला पुढे एकदा विचारलं. ती म्हणाली, "मले फक्त माझी जागा मोकळी पाहिजे होती." मी तेवढ्यावर सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी माझा पवनीला पेपर होता. पहाटे मी केस विंचरत होते. माय जाळं खांद्यावर घेऊन दारात थांबली. वावधानानंतर पाणी ढवळलेलं असतं, मासोळी काठाला येते. असा दिवस सोडायचा नसतो.

"आज मी नाही, माय."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. आणि निघाली. बस यायला वेळ होता, म्हणून मी तिच्या मागे पाळीपर्यंत गेले. ती पाण्याशी गेली, जाळं सोडलं, एक टोक आपल्या हातात घेतलं आणि दुसरं टोक काठावर ठेवलं. बाबा वर उभे होते. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "त्या टोकाले माणूस पाह्यजे."

बाबा उतरले. टोक उचललं. पाण्यात शिरले आणि जोरात ओढायला लागले, बोटीवर ओढायची सवय असल्यासारखे. जाळ्याचा तळ वर उचलला गेला, दोन-तीन रोहू खालून निसटले.

"हळू," माय म्हणाली. "समुद्र नाही हे. तुमी हळू चाला."

'तुमी' म्हणाली ती. तोवर 'तो माणूस', 'तुझा बाप' असंच चाललं होतं. मी पाळीवर उभी होते, हातात कंपासपेटी. बाबांनी चाल कमी केली. तिच्या पावलाकडे बघत त्यांनी आपलं पाऊल टाकायला सुरुवात केली. दोघंही कंबरभर पाण्यात, मध्ये जाळ्याचा अर्धगोल. मग बस आली आणि मी गेले. त्या पेपरात मी काय लिहिलं ते मला काही आठवत नाही. पास झाले.

लगेच सगळं सुरळीत झालं असं मात्र झालं नाही. तो पावसाळा बाबा आमच्या घरापुढच्या छपरीत झोपले. माय त्यांना भाजी वाढायची, बोलायची नाही. बोलली तर जाळ्याबद्दल, मासोळीच्या भावाबद्दल. कधी कधी एखादी जुनी गोष्ट निघायची आणि ती दिवसभर तोंड बंद करून कामं करायची. बाबांनी तिला कधी समजावलं नाही. ते उठून झाडाकडे जायचे. तोवर त्याला पाणी घालायची गरज राहिली नव्हती, तरी जायचे. दुसऱ्या वर्षी ते घरात आले. कधी, कसं, मला माहीत नाही. मी डी.एड.ला भंडाऱ्याला होते. सुट्टीत आले तर छपरीतली खाट आत गेलेली होती.

झाड भराभर वाढलं. आता त्याच्याखाली मासोळीचा सौदा बसतो, सावली विरळ असली तरी. खाली काड्यांचा मऊ थर असतो, त्यावर टोपली ठेवली की घसरत नाहीत. आणि त्याचा आवाज. इतर झाडांची पानं सळसळतात, टाळ्या वाजवल्यासारखी. सुरू तसा वाजत नाही. लांब कुठंतरी काहीतरी सतत येतंय आणि पोचत नाही, असा तो आवाज आहे. मी समुद्र पाहिलेला नाही. शाळेत मुलांना भरती-ओहोटी शिकवते तेव्हा माझ्या कानात हाच आवाज असतो.

या रविवारी गेले तेव्हा दोघं झाडाखाली बसली होती. बाबांचे गुडघे आता पाण्यात उतरू देत नाहीत. जाळं दुसरी माणसं ओढतात, हे दोघं मासोळी निवडतात. मरळ वेगळी, रोहू वेगळा, बारीक एका बाजूला. वारा होता. माझ्या पदराचं टोक सारखं तोंडावर येत होतं. मीही निवडायला बसले.

मग माय, हातातली मरळ टोपल्यात टाकत, भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "तिकडच्या पाण्याले पलीकडचा काठ नसते म्हणतात. खरं हाय काय?"

इतक्या वर्षांत तिनं समुद्राबद्दल विचारलेली ही पहिली गोष्ट. माझे हात थांबले. बाबांचे नाही थांबले.

"असन कुठंतरी. दिसत नाही," ते म्हणाले.

"मंग माणूस पाह्यते कुठं?"

बाबांच्या मांडीवर सुरूच्या दोन-चार काड्या पडल्या होत्या, त्या झटकल्या.

"पहिले पहिले समोर पाह्यते," ते म्हणाले. "मंग मागं पाहाले लागते."

टोपल्यावर ओलं फडकं टाकून मायनं ते नीट खोचलं. मग सरकून तिनं त्यांच्या पुढ्यातल्या ढिगातली अर्धी मासोळी आपल्याकडे ओढून घेतली, आणि निवडायला लागली.